आप्पांसाठी रोज एक फोटो

नवरा परदेशात गेला की बायकांना चॉकलेटं मिळतात म्हणे. मला मिळायचे ढीगभर फोटो, आणि तेही दुसऱ्याच बाईचे.

निलेश लग्नाचे फोटो काढतो. लवळ्यात कॉलेजांकडं जाणाऱ्या रस्त्याला आमचा स्टुडिओ आहे. पोरांचे पासपोर्ट फोटो, झेरॉक्स, लग्नाचे अल्बम, वाढदिवसाचे आणि श्रद्धांजलीचे फ्लेक्स, सगळं तिथंच. तो कॅमेरा धरतो, मी कॉम्प्युटरवर बसते. या जानेवारीत बाणेरच्या इंद्रजित-अनुष्का जोडप्यानं त्याला प्रीवेडिंग शूटसाठी थेट जॉर्जियाला नेलं. गावात कुणालाच हा देश माहीत नव्हता. मलाही नव्हता, पण मी तसं दाखवलं नाही.

शूट संपलं की निलेश हॉटेलात बसून कॅमेऱ्यातलं कार्ड लॅपटॉपला लावायचा. मोठ्या फाइल हार्डडिस्कवर आणि हलक्या फाइल आमच्या दोघांच्या फोल्डरमध्ये. हा फोल्डर त्याच्या लॅपटॉपवरही होता आणि माझ्या कॉम्प्युटरवरही. त्यानं तिकडं टाकलं की मला इकडं दिसायचं. मी रंग नीट करून परत त्याच फोल्डरमध्ये ठेवायचे, की त्याला तिकडं मिळायचं आणि तो ते अनुष्काला द्यायचा. तिला ते लगेच इन्स्टाग्रामवर लागायचे. उशीर झाला की ती तोंड पाडून बसायची, असं निलेश सांगायचा.

या फोटोंचे पहिले प्रेक्षक मात्र आप्पा, माझे सासरे. वरच्या वाडीतून रोज सकाळी दूध घालायला खाली यायचे आणि डेअरीतून सरळ स्टुडिओत. टोपी मांडीवर ठेवून माझ्या शेजारच्या खुर्चीत बसायचे.

"लाव गं. काय धाडलंय बघू पोरानं."

मी लावायचे. बर्फाचा डोंगर, त्यापुढं बिनबाह्यांचा लांबलचक गाऊन घालून उभी अनुष्का. आप्पा पुढं वाकून बघायचे.

"ह्या पोरीला स्वेटर दिला न्हाई का कुणी? मरंल की गारठून! निलेशला म्हणावं आधी तिला शाल दे, मंग फोटू काढ."

हे मी निलेशला फोनवर सांगितलं आणि तो इतका हसला की त्यानं फोल्डरमध्ये आणखी एक फोल्डर केला. नाव दिलं 'आप्पांसाठी'. त्यात रोज एकच फोटो टाकायचा, तोही आप्पांना आवडेल असा. एका दिवशी गवताच्या गंजीवर बसलेलं कुत्रं. एका दिवशी चुलाणाजवळ पाव भाजणारी म्हातारी. एकदा बर्फात उभी असलेली गाय आली, तर आप्पा तिच्या कासेकडं बघत म्हणाले, "दूध कमीच देत आसंल ही." परदेशात गेलेल्या पोराचं ते एवढं कौतुक करायचे की मला कधीकधी राग यायचा. इथं कॉम्प्युटरवर बसून पाठ मोडून घेते ती सून कुणाला दिसते!

त्या बुधवारी आप्पा आलेच नाहीत.

दूध घालून ते परत घरी गेले होते, कारण टोपी विसरली होती. आप्पा बिनटोपीचे माझ्या दुकानात कधी आले नाहीत. घरी जाऊन त्यांनी टोपी घातली, उंबऱ्यावर चप्पल घालायला बसले आणि बसल्या जागी कलंडले. सासूबाईंना वाटलं, चप्पल शोधताहेत. माझा फोन वाजला तेव्हा मी ग्राहकाचा फोटो कापत होते. वर पोचले तर आप्पांना आत घेतलं होतं आणि टोपी अजून डोक्यावर होती. डॉक्टरांनी हृदयाचं नाव घेतलं. मला ते खरंच वाटेना. काल हा माणूस गायीला नावं ठेवत होता!

रडायलाही फुरसत मिळाली नाही, कारण पहिला प्रश्न निलेशला सांगायचं की नाही हा होता. आप्पांचे पुतणे दिग्विजय भाऊजी गावातले पुढारी, त्यांनी सूत्रं हातात घेतली.

"न्हाई सांगायचं. आला तरी उद्याच्याला पोचंल. तवर थांबायचं व्हय? अग्नी मी देतो."

"भाऊजी, त्याचे वडील आहेत," मी म्हणाले.

तेव्हा सासूबाईंनी माझा हात धरला. त्यांचं नाव भिमाबाई आणि त्या नावाला शोभतील अशाच आहेत, पण त्या दिवशी माझा हात सोडेनात. "दीपाली, त्यो तितं एकटा हाय गं. कुणाच्या गळ्यात पडून रडंल? हितं आल्यावर सांगू. माझ्याम्होरं रडू दे त्याला. दहाव्याच्या आत येतोयच की." आणि त्यांनी माझा हात उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "माझी शपत हाय तुला."

आतून जळत होते, पण सासूच्या डोक्यावर हात ठेवून काय बोलणार? दिग्विजय भाऊजींनी अख्ख्या गावाला दम दिला, की कुणी स्टेटस ठेवायचं नाही, ग्रुपवर टाकायचं नाही. आणि गावानं ऐकलं! ज्या गावात कुणाचं वासरू मेलं तरी 'भावपूर्ण श्रद्धांजली' पडते, त्या गावानं आप्पांसाठी बोटं आवरली. मी थक्क झाले.

संध्याकाळी निलेशचा फोन आला. मी घराच्या मागं जाऊन घेतला. पुढच्या अंगणात बायका रडत होत्या.

"सकाळी आप्पांना मेंढरं धाडलीत. काल रस्ता आडवून उभी व्हती, गाडी पुढं जाईना. बघितली का आप्पांनी?"

मी ती मेंढरं पाहिलीसुद्धा नव्हती. कॉम्प्युटर चालू टाकूनच धावत वर आले होते.

"बघितली," मी म्हणाले.

"काय म्हणाले?"

"हसले. लई हसले."

तो खूश झाला. म्हणाला, उद्या त्याहून भारी पाठवतो. फोन ठेवून मी पुढच्या अंगणात बायकांमध्ये जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊजी स्टुडिओत आले. दशक्रियेचा फ्लेक्स हवा होता. आप्पांना जाऊन जेमतेम एक दिवस झाला होता आणि यांना फाट्यावर फ्लेक्स लावायची घाई! म्हणाले, छापून पिरंगुटहून यायला वेळ लागतो, आज डिझाइन करून ठेव, छापू शनिवारी. दुसऱ्या कुणाकडून करून घ्या म्हटलं तर म्हणाले, "घरचा स्टुडिओ आसताना बाहेर कशापायी? लोक काय म्हणत्याल?"

म्हणजे सासऱ्यांच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स सुनेनं करायचा. मी केला. हात आपोआप चालत होते. असे फ्लेक्स मी किती केले असतील, कुणाच्या वडिलांचे, कुणाच्या आजीचे, आणि करताना समोसाही खाल्लाय. आज अक्षरं दिसत नव्हती. आप्पांचा पासपोर्ट फोटो कॉम्प्युटरवर होता, मान ताठ, डोळे वटारलेले, पेन्शनच्या कामासाठी काढलेला. तोच लावला. खाली 'शोकाकुल' म्हणून सगळ्यांची नावं. भाऊजींचा हात जोडलेला फोटो कोपऱ्यात, तो त्यांनी दोनदा मोठा करायला लावला. शेवटी तो आप्पांपेक्षा मोठा झाला.

मी सेव्ह केलं. आठवडाभर जिथं सेव्ह करत होते, तिथंच.

फाइलीच्या नावापुढं हिरवी खूण आली. ती खूण रोज यायची आणि मला बरं वाटायचं, कारण तिचा अर्थ निलेशला पोचलं असा. मी तिच्याकडं बघत बसले, आणि मग माझ्या लक्षात आलं.

"भाऊजी," मी म्हणाले, "ही फाइल निलेशला गेली."

"कुटं गेली?"

"त्याच्या लॅपटॉपवर. जॉर्जियाला."

भाऊजी खुर्चीतून उठले आणि परत बसले. मी फाइल काढून टाकली. पुन्हापुन्हा बघितलं, नव्हती. "त्यो डोंगरावर आसंल," ते हळूच म्हणाले. "लॅपटॉप बंद आसंल."

आम्ही दोघं फोनकडं बघत बसलो. फोन वाजला नाही. एक पोरगी आयडीचा फोटो काढायला आली, तिला मी दुकान बंद आहे म्हणून सांगितलं. दार सताड उघडं होतं.

मग फोल्डरमध्ये फोटो यायला लागले. एकामागून एक. बर्फ, चर्च, लाल गाऊनमधली अनुष्का, तिला उचलून घेताना धापा टाकणारा इंद्रजित. रोजच्यासारखेच, नीट नंबर लावलेले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं पाहिलं नव्हतं. पाहिलं असतं तर असं काम कुणाच्या हातून झालं असतं?

"वाचलो," भाऊजी म्हणाले आणि चहा सांगायला बाहेर गेले.

मी सवयीनं 'आप्पांसाठी' फोल्डर उघडला. वर मेंढरं होती. रस्ता भरून, पांढरी-काळी, आणि मधोमध एक मेंढपाळ थेट कॅमेऱ्याकडं बघून हसत होता. त्याखाली एक नवी फाइल होती.

तो आमचाच फ्लेक्स होता. तो लॅपटॉपसमोरच बसला असणार, कारण मी काढून टाकायच्या आधीच त्यानं तो उचलून ठेवला होता.

पण फोटो बदलला होता. वटारलेल्या डोळ्यांचे आप्पा गेले होते. त्या जागी माझ्या शेजारच्या खुर्चीत बसलेले आप्पा होते, टोपी मांडीवर, तोंड उघडं, खदाखदा हसत स्क्रीनकडं बघणारे. निलेशनं जायच्या आधी दुकानाबाहेरून काचेतून कधीतरी काढला असणार, मला माहीतच नव्हतं. कडेला माझा कोपरही आला होता, तो त्यानं कापला नव्हता. दिग्विजय भाऊजींचा फोटो मात्र काढून टाकला होता. बाकी अक्षर न् अक्षर तसंच. 'कै.' सुद्धा.

बर्फात कुठंतरी हॉटेलात बसून त्यानं आधी बापाचा फ्लेक्स नीट केला, मग त्या बाईचे फोटो नंबर लावून पाठवले. कुणालाही काही न विचारता. मी कसली बायको!

मी फोन लावला. त्यानं लगेच उचलला. मागं अनुष्का कशावरून तरी हसत होती, म्हणजे त्यानं त्यांना सांगितलं नव्हतं.

"आईंनी शपथ घातली होती," मी म्हणाले.

"कळलं मला."

"निलेश, मी…"

"दीपा, येक खरं सांग. मेंढरं बघितली का आप्पांनी?"

दारात भाऊजी चहाचे ग्लास घेऊन उभे होते. त्यांनी माझ्याकडं बघून मान हलवली, 'हो म्हण' अशी. मी त्यांच्याकडं पाठ केली.

"न्हाई बघितली," मी म्हणाले. "टोपी आणायला घरी गेले होते. तुझे फोटो बघायलाच येत होते."

पलीकडं तो रडायला लागला. सासूबाईंना ज्याची भीती होती तसाच, एकटा, मोठ्यानं. अनुष्काचं हसणं थांबलं. कुणीतरी इंग्रजीत काय झालं म्हणून विचारलं आणि तो उत्तर देऊ शकला नाही. मी फोन कानाला धरून उभी राहिले. भाऊजींनी ग्लास टेबलावर ठेवले आणि ते बाहेर जाऊन पायरीवर बसले.

बऱ्याच वेळानं निलेश म्हणाला, "मेंढरांचा मोठा प्रिंट काढ. मी यायच्या आत घरात लावून ठेव, दिव्याजवळ."

"काढते," मी म्हणाले, आणि प्रिंटर चालू केला.