आखरावरचं तोरण

बोरखेडीच्या आखरावर सकाळी गावची गुरं गोळा होतात आणि वर्षातून एकदा पोळा भरतो. तिथल्या दोन निंबांना गोऱ्या साहेबानं दोरी बांधायला सांगितली. खेमा कोतवालानं बांधली. साहेबाला नुसती दोरी पाहिजे होती. पळत येणाऱ्यानं ती छातीनं तोडायची, एवढंच. पण त्या निंबांना खेमानं आजवर पोळ्याशिवाय दोरी बांधलीच नव्हती. त्यामुळं हातासरशी त्यानं तिच्यात आंब्याची पानं खोवली, मधेमधे झेंडू लावला. साहेबाला ते फार आवडलं.

शर्यत रानातली होती. मंगरूळ, वाशीम आणि मुर्तिजापूर, तिन्ही तालुक्यांचे पाच-पाच गडी. नाला ओलांडून, टेकडीला वळसा घालून, ज्वारीच्या धसकटांतून पुन्हा आखरावर यायचं. ज्या तालुक्याचे पाचही गडी आधी येतील तो तालुका जिंकला, आणि जो गडी सगळ्यांत आधी दोरी तोडेल त्याला चांदीचा बिल्ला. मंगरुळाकडून बोरखेडीचेच चार पोरगे निवडले गेले, आणि पाचवे स्वतः मारोतराव पाटील. पाटलांना घरातून चावडीपर्यंत जायला दोनदा बसावं लागे. पण हुकूम त्यांच्या नावानं आला होता आणि गावात पाटलाशिवाय कशालाच सुरुवात होत नसे.

चौघांतला जगदेव मात्र बिल्ल्यासाठी पळत नव्हता. त्याला तोरण पाहिजे होतं. दर पोळ्याच्या आदल्या सांजेला तो आणि त्याची बायको पंचफुला तूप-हळदीनं बैलांचे खांदे शेकत, त्यांच्या कानात जेवणाचं आवतण देत. आणि दुसऱ्या दिवशी त्याची जोडी रांगेच्या शेवटाला उभी. पाटलाची जोडी तोरण तोडी, मग बाकीच्या सुटत. जगदेवची जोडी पोचेपर्यंत पानं मातीत तुडवलेली असत. त्याच्या बापानंही तोरण पाहिलं ते तुटलेलंच. शर्यतीत मानपान नसतो, जो आधी येईल तो पहिला, अशी दवंडी ऐकली आणि जगदेवनं त्याच दिवशी नाव दिलं.

तो पळाला मात्र खरंच. धसकटांनी तळव्यांची चाळण झाली, तरी टेकडीच्या वळणावर त्यानं वाशीमच्या उदयसिंगला मागं टाकलं. आखरावर शिरला तेव्हा पुढं कोणी नव्हतं. होतं फक्त तोरण, अख्खं, हिरवंगार. आणि ते समोर दिसताच जगदेवचे पाय आपोआप थांबले.

उदयसिंग मागून आला. तोही थांबला.

"काहून थांबला रे?"

"पाटलाचं तोरन हाय. तू जाय ना."

"मी कायले जाऊ? तुमच्या गावचं तोरन तोडून मले काय डोस्कं फोडून घ्याचं हाय?"

मुर्तिजापूरवालेही आले. तेही त्याच देशातले, त्यांनाही डोकी प्यारी होती. थोड्याच वेळात पाटील सोडून सगळी शर्यत दोरीसमोर ओळीनं उभी राहिली. साहेब खुर्चीवरून उठला. त्याचा शिरस्तेदार धावत आला.

"अरे, तोडा की दोरी! साहेब रागावलेत!"

खेमा हात जोडून म्हणाला, "तोडतीन जी. पाटील येऊन राह्यले."

पाटील आले. कोणी पुढं ओढत होतं, कोणी मागून लोटत होतं. तोरणापासून चार हातांवर ते जे बसले ते बसलेच.

"मले आता उठवत नाई बाप्पा. जीव गेला तं इथंच जाऊ द्या."

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. पाटलाशिवाय तोरण तुटत नाही आणि पाटील तर उठत नाहीत. तेव्हा जगदेवच्या डोक्यात काहीतरी चमकलं. तो पाटलांसमोर पाठ करून खाली बसला.

"बसा पाटील. मी नेतो."

पाटील पाठीवर बसले. जगदेव दातओठ खात उठला, वाकून चार पावलं गेला, आणि तोरण त्याच्या छातीवर तटकन तुटलं. पानं तोंडाला घासून गेली. इतका आनंद त्याला लग्नातही झाला नव्हता. मागून मंगरुळाचे तिघं आले, मग पाव्हणे. तालुका जिंकला. साहेब बिल्ला घेऊन आला, पण जगदेवचे दोन्ही हात पाटलांच्या मांड्यांखाली गुंतलेले. साहेबानं बिल्ला वर पाटलांच्या हातात दिला. पाटलांनी तो ठेवून घेतला.

सांजेला जगदेव ओट्यावर पालथा पडला होता. खांदे सुजले होते.

"अवो, तोरन तोडलं कोनं मंग?" पंचफुलानं विचारलं. "गाव तं म्हन्ते पाटलानं तोडलं."

"पोयात तोरन कोन तोडते?"

"बैल."

"अन् मान कोनाचा?"

"पाटलाचा."

"तसंच झालं. पन छातीले माह्याच लागलं, पंचफुले. अख्खं होतं."

पंचफुला उठली. तिनं चुलीवर तूप कोमट केलं, त्यात हळद कालवली, आणि त्याचे खांदे हळूहळू शेकू लागली. मग वाकून त्याच्या कानाशी म्हणाली,

"आज आवतन घ्या, अन् उद्या जेवाले या."