अर्धी साक्ष

"साक्ष द्यायची तर गोळीसकट दे गं बाई. अर्धी साक्ष पोटात ठेवली की नासती."

झुंबरबाई हे बोलली तेव्हा वर्षाराणी नुसती हसली होती. तळमजल्यावरची म्हातारी, तीस वर्षं मिशनच्या दवाखान्यात आया म्हणून राबलेली, जुन्या चर्चच्या पहिल्या बाकावर बसणारी. तिला नव्या ख्रिस्ती मंडळीच्या टाळ्या आणि कीबोर्ड कुठले पटायला? शिवाय बी.ए. झालेल्या बाईनं आयाचं काय ऐकून घ्यायचं, असंही मनात आलं असेल. आता ती ते कबूल करते.

अठ्ठ्याण्णव साली ती नेसरीहून कोल्हापुरात, राजारामपुरीत राहायला आली. नवरा अतुल टायरच्या कंपनीत फिरतीवर, आठवड्यातले चार दिवस बाहेर. पोरगा आदर्श तीन वर्षांचा, आणि त्याला झटके यायचे. डोळे वर जायचे, हातपाय ताठ व्हायचे. ती दिवसभर त्याच्या पापण्यांवर नजर ठेवून असायची. बिल्डिंगमधल्या बायका दारातूनच "बरं हाय का आता?" विचारायच्या आणि आपली पोरं मागं ओढायच्या.

आक्कानं मात्र त्याला उचललं. पलीकडच्या गल्लीतली आक्का मंडळीच्या महिला मंडळाची प्रमुख होती. प्रार्थनेला म्हणून घरी आली आणि नेमका तेव्हाच आदर्शला झटका आला. आक्का हलली नाही. त्याला कुशीवर निजवून, डोक्याखाली स्वतःचा पदर घालून, संपेपर्यंत हळूहळू गाणं म्हणत बसली. त्या दिवसापासून वर्षाराणी आक्काची झाली.

मंडळी आठव्या गल्लीत कोचिंग क्लासच्या हॉलमध्ये भरायची. रविवारी फळ्यावरच्या गणितांवर पांढरी चादर टाकली की झालं उपासनेचं ठिकाण. वर्षाराणी मुलांना गोष्टी सांगू लागली, गाण्यांच्या वह्या सुवाच्य अक्षरात उतरवू लागली, बाळंतिणींकडं डबे पोचवू लागली. कोल्हापुरात पहिल्यांदाच ती नसली तर कुणीतरी विचारायचं, "का गं आली नाहीस?"

त्याच महिन्यात डॉक्टरांनी गोळी बदलली. झटके थांबले. प्रार्थनेनं थांबले की गोळीनं, हे तिला खरंच ठाऊक नव्हतं. गोळी बंद करून बघायची छाती नव्हती. डॉक्टरांनी बजावलं होतं, "दोन वर्षं एक दिवस चुकवायची नाही." रोज सकाळी अर्धी गोळी कुस्करून केळ्यात घालून ती त्याला भरवायची.

पहिल्या साक्षीच्या वेळी, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांपुढं सांगायच्या वेळी, तिनं सगळं कागदावर लिहून आणलं होतं. डॉक्टर, गोळी, प्रार्थना, सगळं. आक्कानं कागद वाचला आणि कुरवाळल्यासारखं म्हणाली, "फार छान लिहिलंयस. पण तीनच मिनिटं आहेत बाळा. दवाखान्याचं लांबण नको लावू."

तिनं दवाखाना गाळला. हॉलमध्ये बायका रडल्या. "प्रभूची स्तुती असो!" म्हणून पत्रा हादरला.

मग शुक्रवारच्या उपासप्रार्थनेत साक्ष, मग कुणाच्या घरी, मग दसरा चौकापलीकडच्या मोठ्या मेळाव्यात. एकदा पास्टरसाहेबांनी माईक पुढं धरत विचारलं, "आणि गोळ्या, बहिणी? त्या सोडून दिल्यास ना?" तीनशे माणसं तिच्याकडं बघत होती. तिनं मान हलवली. तेवढीच. तोंडानं ती काही बोलली नाही, असं ती स्वतःला पुढं महिनाभर सांगत राहिली. पण मान हललेली सगळ्यांनी पाहिली होती, आणि पुढच्या वेळी पास्टरसाहेब 'बहिणीनं गोळ्या सोडल्या' असं त्याचं वाक्य करून सांगायला लागले.

त्या साक्षीची कॅसेट निघाली. गावोगावच्या घरसभांत वाजू लागली. आणि वर्षाराणीनं गोळ्यांची पट्टी औषधाच्या कपाटातून काढून तूरडाळीच्या डब्यात तळाशी घातली. आक्का कधीही यायची, हक्कानं स्वयंपाकघरात शिरून चहा टाकायची. डाळीच्या डब्याकडं तिचा हात गेला की वर्षाराणीचा जीव टांगणीला लागायचा. मंडळी सोडावी, तर पुन्हा ती बंद दारं. राहावं, तर हा डबा.

"आता तरी सांग की," झुंबरबाई जिन्यात म्हणाली. "देवाला गोळीचं वावडं हाय व्हय? मी तर हात जोडून गोळ्या वाटल्या जन्मभर."

"सांगते हो आज्जी. वेळ बघून."

"वेळ बघतीस? बघ. वेळ तुला बघंल."

नाताळच्या आधीच्या मेळाव्यात एक बाई गर्दीतून वाट काढत आली. काटक, उन्हानं रापलेली, कडेवर चारेक वर्षांची पोर. पोरीच्या हनुवटीवर पडल्याची जुनी खूण होती. बाईनं वर्षाराणीचे दोन्ही हात धरले.

"ताई, तुमची कॅसेट ऐकलो नव्हं आमी! मलकापुरात. मी यल्लव्वा. ही सोनम. हिला बी तसंच व्हतंय, डोळं फिरवती. आज देवाला शब्द दिलो आणि गोळ्या गटारीत टाकलो. तुमच्यावानी!"

वर्षाराणीनं तिचे हात घट्ट धरले. "अहो, नका... तसं नाही..."

"आमेन म्हण बाळा!" आक्काचा हात खांद्यावर आला, मायेचा आणि जड. कर्ण्यातून गाणं सुरू झालं. वर्षाराणीचे ओठ हलले. यल्लव्वाला वाटलं, ताई आशीर्वादच देते आहे. वाकून नमस्कार करून, एसटी चुकेल म्हणत ती पोरीला घेऊन गर्दीत दिसेनाशी झाली.

पुढच्या रविवारी आदर्शचं केळं भरवून झाल्यावर वर्षाराणी पट्टी मुठीत घेऊनच हॉलवर गेली. साक्षीची वेळ आली तशी न बोलावता उठली.

"मी खोटं सांगितलं," ती माईकवर म्हणाली. पट्टी वर धरली. "आदर्श बरा आहे, पण गोळी रोज चालू आहे. आज सकाळीसुद्धा दिली. कुणी गोळ्या बंद केल्या असतील तर आजच्या आज सुरू करा."

पास्टरसाहेब शांतपणे म्हणाले, "बहीण थकली आहे. तिच्यासाठी हात पुढं करा." सगळ्यांनी प्रार्थनेला हात पुढं केले. टेप चालवणाऱ्यानं बोट बटणावर ठेवलेलं तिला दिसलं. त्या दिवशीचं काही टेपवर गेलं नाही.

हॉलच्या जिन्यात मात्र कीबोर्डवाल्याची बायको तिच्या कानाशी आली. "माझ्या साखरेची गोळी चालूच आहे गं. कुणाला बोलू नको हं." मागून आणखी एक आली. तीही तेवढंच बोलून खाली गेली.

वर्षाराणी दुसऱ्याच दिवशी आदर्शला घेऊन रत्नागिरी रस्त्यावरच्या मलकापूरला गेली. विचारत विचारत खोली सापडली. दाराला कुलूप.

"रस्त्याच्या कामावरली माणसं ती," शेजारीण म्हणाली. "काम सरकलं की ही बी सरकत्यात. इथं खोली व्हती, फुडं पालंच. रत्नागिरीकडं गेली म्हणं. आंबा घाटाच्या अंगाला, का त्येच्या बी पुढं. कुणाला ठावं?" तिच्या पाठीमागं खोलीत टेप चालू होता. वर्षाराणीला स्वतःचा आवाज ऐकू आला. स्पष्ट, सुवाच्य अक्षरासारखा.

तेव्हापासून रोज दुपारी आक्का आणि आणखी एकजण येतात. शिरा आणतात, आदर्शशी खेळतात, तिला एकटी सोडत नाहीत. "विश्वास डळमळतो कधीकधी," आक्का डोक्यावर हात ठेवून म्हणते. त्या मायेतून उठून रोज रोज एसटी कशी धरायची? दोनदा गेली ती तरीही. पालं सापडली नाहीत.

म्हणून तिचं तुमच्यापाशी एक मागणं आहे. रत्नागिरी रस्त्यानं कधी जाणं झालं, आणि डांबराच्या पिंपांजवळ पालं दिसली, तर गाडी थांबवा. यल्लव्वा कोणती म्हणून विचारा. हनुवटीवर खूण असलेली सोनम कशी आहे, ते डोळ्यांनी बघा. आणि तिच्या आईला सांगा, राजारामपुरीतली ती कॅसेटवाली ताई पोराला गोळी देत होती. रोज. केळ्यातून.