एनिडचा एल्डर

एनिड आपल्या वाफ्यातल्या एल्डरच्या झुडपाचे बारीक काळ्या फळांचे घोस जेवायच्या काट्याने बादलीत ओरबाडत होती. फळं तेवढी पडली पाहिजेत. हिरवा देठ आत गेला की दारू नासलीच. हात कोपरापर्यंत जांभळे झाले होते.

कुंपणाशी सिरिल पॉग्सन येऊन थांबला. यॉर्कशरमधल्या त्या गावात लोकांना भाजीपाल्यासाठी भाड्याने वाफे मिळत, त्या वाफ्यांच्या समितीचा तो चिटणीस.

"रविवारी सभा आहे, एनिड. हे झुडूप मुळासकट निघणार. तण आहे ते."

"तण कुणी काडी खोचून, पाणी घालून वाढवतं का रे? मी लावलंय ते."

"पाखरं तुझी फळं खातात आणि माझ्या कोबीवर जांभळं हगतात."

"मग पाखरांना नोटीस दे."

सिरिल हसला नाही. समिती त्याच्या मुठीत होती. नियमावर बोट ठेवता आलं की अशा माणसांना झाड दिसत नाही.

शनिवारी गावच्या हॉलात प्रदर्शन भरलं. घरगुती दारूच्या टेबलावर बाटल्यांना नुसते आकडे, नावं झाकलेली. परीक्षक दरसालचाच, सिरिल. एनिडने या खेपेला जिन्याखाली चार वर्षं निजवलेली बाटली ठेवली होती. एल्डरची दारू कोवळी प्याली तर जीभ सोलते.

सिरिलने घोट घेतला. थुंकायच्या भांड्याकडे वळला आणि गिळून बसला. पुन्हा ओतून घेतली.

"द्राक्षं," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "तीही उन्हाच्या देशातली. पैज लावतो. पहिलं बक्षीस!"

बाटलीला पहिल्या बक्षिसाचं लाल कार्ड लागलं. मग नाव उघडलं: एनिड.

"तुझ्या कोबीवर पडतं ना, तेच हे," एनिड म्हणाली.

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग अख्खा हॉल.

रविवारच्या सभेत गळक्या नळावरच चर्चा झाली. झुडुपाचा विषय कुणी काढला नाही.

पानं गळल्यावर एका सकाळी सिरिल छाटणीची कात्री घेऊन आला. एनिड फावडं घेऊनच आडवी आली.

"चार काड्या हव्या होत्या," तो म्हणाला. "लावायला."

"मला काय विचारतोस? एल्डरमध्ये एक म्हातारी राहते, जुनी माणसं सांगायची. तिला न विचारता काडी तोडली तर घर बुडतं. मीसुद्धा विचारते. टोपी काढ."

"लोक बघताहेत, एनिड."

"बघू देत."

आजूबाजूच्या वाफ्यांवरची कुदळी-फावडी थांबली. सिरिलने टोपी छातीशी धरली आणि उघड्या टकलाने झुडुपापुढे उभा राहिला.

"आजीबाई," तो पुटपुटला, "थोडं लाकूड द्याल का?"

"ऐकू नाही गेलं तिला," एनिड म्हणाली.