रव्याच्या टाचा आणि मी

मी एक जाळी बोलतेय. सोडे वाळवायची जाळी. मिरवावं असं माझ्याकडे पुष्कळ होतं, पण आता ते सांगायला तोंड राहिलेलं नाही. तरी सांगते, कारण मी गप्प राहिले म्हणूनच सगळं घडलं.

बाळकुमच्या खाडीकाठी चंदू कोळ्याने मला बनवलं. मोडीत काढलेल्या होडीच्या पट्ट्यांची चौकट केली, तिच्यावर बारीक घरांची तार ठोकली आणि खाली चार पाय लावले. त्याच्या बायकोने, आवडाबाईने, सोड्यांसाठी सोललेली कोळंबी माझ्यावर पसरली आणि म्हणाली, "आता खालून वारा लागंल. पानी म्हणून राहणार नाय." तेव्हापासून माझी हीच ऐट. संध्याकाळी आवडाबाई मला काथ्याने खसाखसा घासायची आणि मी लखलखायचे. तिच्या सोड्यांना कुबट वास येतो असं कधी कुणी म्हटलं नाही.

चंदू गेला. आवडाबाई मुलाकडे माजिवड्याला, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला आली. मलाही घेऊन आली. पहिल्याच आठवड्यात तिने गॅलरीत सोडे घातले आणि समोरच्या बाई नाकाला पदर लावून दारात उभ्या राहिल्या. आवडाबाईने सोडे उचलले, मला वॉशिंग मशीनच्या मागे उभी केली आणि स्वतःचे हात तीनदा साबणाने धुतले. त्यानंतर आवडाबाईने वासाची धास्तीच घेतली. पाहुणे यायचे असले की ती आधी आपला पदर हुंगून बघायची.

दोन वर्षांनी तिच्या नातीने, दिपिकाने, डोंबिवलीच्या वर्षाली नावाच्या मैत्रिणीकडून सशाचं पिल्लू आणलं. दोन महिन्यांचं, रव्याच्या रंगाचं. म्हणून नाव रव्या. दिपिकाचे बाबा म्हणाले, "घरात वास आला तर परत देऊन यायचं." दिपिकाचं तोंड उतरलं. तेव्हा आवडाबाई पुढे झाली. "कशाला येईल वास? माझी जाळी हाय की!"

सुताराने माझ्यावर खोकं बसवलं आणि मी पिंजऱ्याचा तळ झाले. लेंड्या खाली, मूत खाली, सगळं खालच्या ट्रेमध्ये. मला काय वाटलं म्हणून सांगू! दोन वर्षं भिंतीला टेकून काढल्यावर पुन्हा कुणाच्या तरी उपयोगी पडत होते.

दिपिकाने माझ्यावर जुन्या ओढणीची घडी आणि वर गवत घातलं होतं. आवडाबाईने ते दुसऱ्याच दिवशी काढलं. "ओलं झालं की कुजतं ते." मग रोज सकाळी दिपिका कॉलेजला गेली की ती रव्याला रिकाम्या बादलीत ठेवायची, माझ्यावर पाणी ओतायची, काथ्या चालवायची आणि मी निथळायच्या आत त्याला परत माझ्यावर सोडायची. संध्याकाळी दिपिका कापड घालायची, सकाळी ते निघायचं. "आजी, तू परत काढलंस?" "अगो, धुवायला काढलंय."

ससा बसतो तो मागच्या पायांच्या टाचांवर. त्याचं सगळं वजन तिथेच येतं. हे त्या घरात फक्त मला माहीत होतं, कारण त्या टाचा माझ्यावर होत्या. आधी तिथले केस ओले राहायला लागले. मग विरळ झाले. मग एक दिवस माझ्या तारेला केस लागेचनात, नुसती कातडी लागली. गरम होती. तो एक पाय उचलायचा, दुसऱ्यावर रेलायचा, मग तो उचलायचा. दोन तारांच्या मधे जागा शोधायचा. जागा कुठली असणार, मी सगळीकडे सारखीच.

मी वाकू शकले नसते, हे खरं आहे. पण खोटं कशाला बोलू, मला बोलता येत असतं तरी मी बोलले असते का, याची खात्री नाही. कारण त्याच दिवसांत समोरच्या बाई येऊन म्हणाल्या होत्या, "ससा आहे असं कळतसुद्धा नाही हो!" आवडाबाईचा चेहरा असा फुलला होता आणि मीही फुलून गेले होते.

पाच महिन्यांचा झाला तसा रव्या उड्या मारायचा थांबला. आवडाबाई कौतुकाने सांगायची, "शाना झालाय आता. एका जागी बसतो." सकाळी ट्रेमधलं पाणी लालसर दिसायचं. "बीट खाल्लंय कनी," म्हणत ती ओतून द्यायची. ते बीट नव्हतं. टाचेची खपली रोज माझ्या तारेवर निघायची, रक्त मला लागायचं आणि पुरावा राहायच्या आत मी स्वच्छ धुतली जायचे.

एका रविवारी दिपिकाने त्याची नखं कापायला त्याला मांडीवर उताणा धरला आणि किंचाळली. दोन्ही टाचांवर रुपयाएवढ्या लाल जखमा होत्या. डावी सुजून पिकली होती. "आजी, हे बघ काय झालंय! हा शहाणा नव्हता झाला, त्याला चालताच येत नव्हतं!"

आसपासचे डॉक्टर सशाला हात लावेनात. शेवटी शहाडच्या डॉक्टर जोविटांचा नंबर मिळाला. त्या फोनवर म्हणाल्या, "तो ज्यावर बसतो तेही घेऊन या." खोकं काढलं आणि रिक्षात दिपिकाच्या मांडीवर रव्या, आवडाबाईच्या मांडीवर मी. सगळा रस्ता तिचा अंगठा माझ्या तारेवरून फिरत होता.

डॉक्टरांनी जखमा मिठाच्या औषधी पाण्याने हलकेच धुतल्या, मलम लावलं. "कुत्र्याच्या पायाला गादी असते, सशाला नसते. त्याचे केस हीच त्याची गादी. ती तारेने आणि ओलीने गेली. डाव्या पायात पू झालाय. हाडापर्यंत पोचला तर पाय वाचेल असं मी सांगू शकत नाही."

"मी तर रोज धुवत व्हते," आवडाबाई म्हणाली. "येवढीसुद्धा घाण ठेवली नाय."

डॉक्टर रागावल्या नाहीत. मला जमिनीवर ठेवून त्या म्हणाल्या, "आजी, चप्पल काढून एक पाय या जाळीवर टेकवा."

आवडाबाईने टाच टेकवली. खाडीच्या चिखलात जन्म गेलेली, भेगांनी भरलेली टाच. तिने भार दिला मात्र आणि चटकन पाय उचलला. मग खाली वाकून माझ्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांतलं पाणी माझ्यावर पडलं आणि नेहमीसारखं खाली निघून गेलं. एवढंसुद्धा मला धरून ठेवता आलं नाही.

त्या दिवसापासून रव्या कोरड्या गवतावर बसतो. खाली आवडाबाईच्या मऊ लुगड्याची चौपदरी घडी असते. कापड ओलं झालं की लगेच बदलतात. मलम, तोंडातून औषध, सगळं डॉक्टरांनी सांगितलं तसं. खपलीला कुणी नख लावत नाही. डावा पाय वाचायला अडीच महिने लागले. केस मात्र तिथे पुरते आले नाहीत. दर रविवारी आवडाबाई चष्मा लावून त्याच्या टाचा उलट्या करून बघते. गॅलरीत थोडा वास येतो. समोरच्या बाई बोलल्या तेव्हा ती म्हणाली, "येतो खरा. ससा हाय आमच्याकडं."

दिपिका मला भंगारात देणार होती. आवडाबाईने अडवलं. "तिचा काय गुन्हा? हात माझा व्हता." हे ऐकून मला जास्तच मेल्यासारखं झालं. मला सगळं कळत होतं, बाई. तुला नव्हतं कळत.

आता रव्याची धुतलेली कापडं माझ्यावर वाळतात. ती खडखडीत वाळल्याशिवाय मी सोडत नाही. तुमच्याकडे ससा असेल तर पिंजरा किती लखलखीत आहे ते बघू नका. त्याला उचला आणि टाचा बघा.

परवा रव्या गॅलरीत मोकळा फिरत होता. उड्या मारत माझ्यापर्यंत आला. मी वाळवण संपवून आडवी पडले होते. त्याने माझी कड हुंगली, पुढचा एक पाय उचलला, तसाच धरला आणि मग मागे घेतला. मला वळसा घालून तो उन्हात जाऊन बसला.