दोन गाड्यांचा एक कॅमेरा

लातूरच्या गुरुपादप्पांच्या दारात गाड्या दोन होत्या आणि दोन्हींत मिळून एका माणसापुरतीही अक्कल बसत नव्हती, असं त्यांच्या धाकट्या सुनेचं, मंजुश्रीचं, ठाम मत होतं. मोठी काळी गाडी थोरल्या मुलाची, मल्लिनाथची. छोटी पांढरी मंजुश्रीची. ती रोज तीच घेऊन निलंग्याच्या कॉलेजात शिकवायला जायची. अर्थात तिची म्हणायची एवढंच. किल्ली देवघराशेजारच्या खिळ्याला असायची आणि खिळा सासऱ्यांचा होता.

रस्त्यावर कुणी खोटा आळ घेतला तर पुरावा असावा, म्हणून काचेला लावायचा कॅमेरा घेऊ या, असं मंजुश्रीनंच काढलं होतं. पशुखाद्याच्या दुकानात उभी हयात काढलेल्या गुरुपादप्पांनी, म्हणजे आप्पांनी, दोन दिवस विचार केला आणि निकाल दिला.

"एकच घ्या. दोन्ही गाड्या एकदम थोड्याच धडकायल्यात?"

या तर्कावर घरातले सगळे पुरुष खूश झाले. मंजुश्रीचा नवरा अमरेश तर "आप्पांचं डोकंच चालतंय भारी" असं म्हणाला. अमरेशला वडिलांचं आणि थोरल्या भावाचं सगळंच भारी वाटायचं. त्याचं स्वतःचं असं काही मत असलंच, तर ते मंजुश्रीला लग्नाच्या सहा वर्षांत सापडलेलं नव्हतं.

नियम ठरला, की जी गाडी गावाबाहेर जाईल तिच्यात कॅमेरा. नियम सरळ होता. मंजुश्री रोज गावाबाहेर जायची, तेव्हा कॅमेरा तिच्याकडेच राहायला हवा होता. पण ती किल्ली घ्यायला गेली की नेमकं चहाचा कप हातात धरून थोरले दीर म्हणायचे, "कॅमेरा राहू दे. मला उदगीरला जायचं हाय." कधी उदगीर, कधी नांदेड, एकदा तर देगलूर. काहीच काम नसलं तर ते औशापर्यंत जायचे, तिथं चहा प्यायचे आणि परत यायचे. त्यांना सगळे अण्णा म्हणत. अण्णांना कॅमेऱ्यातलं काही बघायचं नसायचं. शेजारी बसलेल्याला "सगळं रेकॉर्ड व्हायलंय बरं का" एवढं सांगता आलं, की त्यांचं पोट भरायचं.

बघायची ती मंजुश्री. कॅमेरा कधीमधी तिच्या वाट्याला आला, की ती स्टाफरूममध्ये बसून त्यातलं कार्ड लॅपटॉपला लावायची. दुसऱ्याच आठवड्यात तिला कळलं, की या यंत्राला डोळ्याबरोबर कानही आहे. अण्णा फोनवर आपल्या दोस्ताला, संगप्पाला, सांगत होते, "धाकटीला गाडी कशाला पाहिजे? खडू वाहायला?" आणि खो खो हसत होते. मंजुश्रीला आधी संताप आला, मग हसू आलं. तिनं घरी चकार शब्द काढला नाही. चोरून ऐकणं बरं नव्हे, हे तिलाही कळत होतं. पण घरात नाकानं कांदे सोलणारा हा माणूस गाडीत एकटा असला की केवढा बेसूर गातो, हे ऐकण्यातलं सुख तिला सोडवेना.

आता राहिल्या सासूबाई, मल्लम्मा. त्यांना सगळे अव्वा म्हणत. दर सोमवारी आंघोळ, लिंगपूजा झाली, की त्या ओल्या भस्माची तीन बोटं दोन्ही गाड्यांच्या बॉनेटवर ओढायच्या. कॅमेरा घरात आल्यापासून त्याच्यावरही ओढायला लागल्या. कॅमेरा काडेपेटीएवढा. तीन बोटांतलं मधलं बोट बरोबर काचेच्या डोळ्यावरून जायचं. त्यांना कसं सांगायचं? अव्वांचा भाव खरा होता, आणि या घरात खरं असं तेवढंच होतं. मंजुश्री फाटकाबाहेर पडली, की रुमालानं डोळा पुसून घ्यायची. अण्णा कधीच पुसायचे नाहीत. त्यांचे सगळे सोमवार पांढरे होते आणि त्याचा त्यांना पत्ताही नव्हता.

त्या सोमवारी काळी गाडी गॅरेजला होती आणि अण्णांना किल्लारीला जायचं होतं. ते मंजुश्रीच्या गाडीत शेजारी येऊन बसले. कॅमेराही अर्थातच आला. फाटकाबाहेर तिनं रुमाल काढला, तसे अण्णा खेकसले.

"भस्म पुसतीस? अव्वानं लावल्यालं? पाप लागतंय."

तिनं रुमाल ठेवून दिला. निलंग्याला कॉलेजच्या दारात ती उतरली आणि अण्णा गाडी घेऊन किल्लारीकडे गेले. साडेचारला ते तिला न्यायला आले. येताना स्टेअरिंग त्यांनी सोडलं नाही, आणि एरवी लामजना पाटीच्या फाट्यावर भजी खाल्ल्याशिवाय पुढे न सरकणारा हा माणूस पाटीवरून मान खाली घालून गेला. मंगळवारी सकाळी मंजुश्रीला डावीकडचा दिवा फुटलेला दिसला.

"पार्किंगमधी कुणीतरी घासलं आसंल," अण्णा म्हणाले आणि पेपरात डोकं घालून बसले.

बुधवारी संध्याकाळी हाताला प्लास्टर घातलेला एक माणूस दारात उभा राहिला. त्यानं नाव बजरंग सांगितलं. किल्लारीकडचा, दुधाचा धंदा. सोमवारी सकाळी पाटीजवळ एका पांढऱ्या गाडीनं त्याच्या मोटारसायकलीला उडवलं होतं. हात मोडला, दोन्ही कॅन रस्त्यावर सांडले.

"चालिवणारा दिसला न्हाई, काच वर हुती. पण गाडी वळखली लोकांनी. निलंग्याच्या मॅडमची गाडी, आख्ख्या पाटीला ठाव हाय. मी काय भांडाय आलो न्हाई. पण मॅडम, तुमी थांबायचं तरी व्हतं."

मंजुश्री तोंड उघडणार, तेवढ्यात अण्णा पुढे झाले. चोराच्या उलट्या बोंबा असतात हे तिला ठाऊक होतं. त्या इतक्या गोड आवाजात मारता येतात, हे तिनं पहिल्यांदाच ऐकलं.

"चूक झाली बघा तिची. मी बाजूला बसलो व्हतो, जरा डोळा लागला. धक्का बसला तवा जाग आली. म्हणलं थांब, तर घाबरून गेली. बाईमाणूस हाय."

"अण्णा, मी तेव्हा वर्गात होते!" मंजुश्री ओरडली. "गाडी तुमच्याकडं होती."

"बघा, आता माझ्यावर आलं," अण्णा खिन्न होऊन म्हणाले.

आप्पांनी सगळ्यांकडं एकदा बघून घेतलं. निकाल द्यायची त्यांना सवयच होती. "हे बघा पाव्हणं, तुमच्या दवाखान्याचं आमी बघतो. अन् तक्रार द्यायचीच आसंल तर सुनंचं नाव द्या. बायकांना पोलीस काय करत नसतेत. मल्लिनाथचं नाव आलं तर बाजारात तोंड दाखवायची सोय राहणार न्हाई." मग त्यांनी खिळ्यावरची पांढऱ्या गाडीची किल्ली काढून खिशात घातली. "उद्यापासून यष्टीनं जायचं, मंजुश्री."

म्हणजे नावही तिचंच जाणार होतं आणि गाडीही तिचीच. तिनं अमरेशकडं बघितलं. तो मोबाईलमध्ये काहीतरी फार महत्त्वाचं वाचत होता.

"कॅमेरा बघा," ती म्हणाली. "घेतलाय कशाला मग?"

तिला वाटलं होतं, अण्णा चपापतील. पण ते उलट खुलले. "हाव, बघा की! मी कशाला न्हाई म्हणू?" ते उठून स्वतः गॅरेजातून परत आलेल्या काळ्या गाडीतला कॅमेरा काढून घेऊन आले. तेव्हा मंजुश्रीच्या लक्षात आलं, की गड्यानं आधीच बघून ठेवलंय.

लॅपटॉप टेबलावर आला. सोमवार उघडला. पडदाभर नुसतं पांढरं दही. रस्ता नाही, गाडी नाही, बजरंग नाही.

"काय दिसंना की," आप्पा म्हणाले.

"मी दुकानात बघितलं हेच," अण्णा म्हणाले. "कुणी ऐकू नये म्हणून आवाज बंद करून बघितलं, पण पहिल्यापासून शेवटपर्यंत समदं असंच हाय. आता कॅमेराच काय सांगंना, तर काय करावं?"

अव्वांचा चेहरा उतरला. "मी भस्म लावलं म्हणून का गं?"

"हो अव्वा," मंजुश्री म्हणाली. "पण बरं झालं. दिसलं असतं तर अण्णांनी कॅमेरा आणलाच नसता."

आणि तिनं आवाज चालू केला.

आधी बेसूर गाणं आलं. मग फोनची रिंग आणि अण्णांचा आवाज, खोलीत उभ्या असलेल्या अण्णांपेक्षा कितीतरी मोकळा.

"बोल संगप्पा. न्हाई, एकटाच हाय. धाकटीला कॉलेजात टाकलं अन् किल्लारीला चाललो. पाटी आली बघ…"

मग धाडकन आवाज. पत्र्याचा खणखणाट. कुणीतरी "आई गं" म्हणून ओरडलं. प्लास्टर घातलेल्या बजरंगनं स्वतःचंच ओरडणं ऐकून मान खाली घातली.

"अरारारा… न्हाई रे, दुधवाला हाय. उठायलाय… उठला, जिवंत हाय. निघतो मी. अन् कुणी इचारलंच, तर गाडी धाकटीचीच हाय की. बायकांच्या हातनं हुतच राहतंय, कुणाला बी पटतंय." आणि तेच खो खो हसणं.

सगळ्यात आधी बोलला तो अमरेश. सहा वर्षांत पहिल्यांदा तो कुणाच्याही आधी बोलला.

"मंजू, आवाज कमी कर. शेजारी ऐकतील."

मंजुश्रीनं त्याच्याकडं बघितलं. थोरल्या दिरावर चिडायचं तिच्या मनात कधीपासून होतं. पण या माणसाची तिला आत्ता जी किळस आली, तशी अण्णांचीही आली नव्हती. तिनं आवाज होता नव्हता तेवढा वाढवला आणि तेवढा तुकडा पुन्हा लावला. "कुणाला बी पटतंय" हे शेजारच्या ईश्वरप्पांच्या ओसरीपर्यंत गेलं असावं, कारण तिथला टीव्ही बंद झाला.

"बजरंगभाऊ," ती म्हणाली, "तक्रारीत नाव लिहून घ्या. मल्लिनाथ गुरुपादप्पा. बापाचं नाव पूर्ण लिहा. पुराव्याचं कार्ड माझ्याकडं आहे, लागेल तेव्हा आणून देईन."

आप्पा एकदम म्हातारे दिसायला लागले होते. तिनं हात पुढं केला. त्यांनी खिशातली किल्ली काढली आणि तिच्या हातावर ठेवली. या वेळी निकाल दुसऱ्या कुणीतरी दिला होता.

बजरंगला बसस्टँडवर सोडायला ती निघाली. जाण्याआधी तिनं लॅपटॉपमधलं कार्ड काढून पर्समध्ये टाकलं आणि ड्रॉवरमधलं नवं कार्ड कॅमेऱ्यात घातलं. मग पदराच्या टोकानं काचेवरचं वाळलेलं भस्म नीट पुसलं आणि कॅमेरा थोरल्या दिरांसमोर धरला.

"घ्या अण्णा. उद्या उदगीरला जायचंय म्हणत होतात ना? पुसलाय. आता दिसेल पण आणि ऐकूही येईल."

अण्णांचा हात सवयीनं पुढं आला आणि मध्येच थांबला. मग त्यांनी तो हळूच मागं घेऊन पाठीमागं लपवला.

"नको. तुझ्याकडंच राहू दे."

दुसऱ्या दिवशी अण्णा उदगीरला गेले नाहीत. औशालाही नाही.