प्रयागबाईचा अंगठा

सांगवीच्या शिवारात कालव्याच्या फाट्याला लागून प्रयागबाईची जमीन होती. तिची म्हणजे तिच्याच नावावरची. बाप वारला तेव्हा त्याला मुलगा नव्हता आणि भाऊबंद वाटण्या घेऊन केव्हाच वेगळे झाले होते, म्हणून एकुलत्या एका लेकीकडं ती आली. नवरा पटकीत गेला तेव्हा छबू अंगावर पीत होती. पोरीला घेऊन प्रयागबाई माहेरी परतली ती कायमचीच. बापाच्या मागं तिनं स्वतः बांधावर उभं राहून जमीन कसली. कांदा, घेवडा, वांगी बारामतीच्या बाजारात नेली. पाण्याच्या पाळीवरून कुणी चलाखी केली तर त्याच्या दारात जाऊन भांडली. गावातले पुरुष तिला मागून हसायचे, पण तिचं पाणी कुणी तोडत नव्हतं.

कामाला तिच्याबरोबर म्हस्कू होता, तिच्या बापाच्या वेळेपासूनचा वाटेकरी. त्याला ना बायको ना मूल. कमी बोलायचा, आणि बोलला तर तेच खरं धरायचं असा त्याचा गावात लौकिक होता.

छबू बावड्याला दिली होती. जावई महिपती दिसायला उमदा, बोलायला गोड. इंदापूरकडं साखर कारखाना निघाला आणि कालव्याखालच्या जमिनींना एकाएकी मागणी आली, तेव्हा तो सांगवीला जरा जास्तच येऊ लागला.

"मामी, आता किती दिस राबणार? जमीन इकून टाका आन् आमच्यात येऊन ऱ्हावा," तो म्हणायचा.

"मी हाय तवर न्हाय," प्रयागबाई सांगायची. "माझ्यामागं छबूचीच हाय. मग ठेवा न्हायतर फुका."

त्यावर महिपती हसायचा आणि विषय बदलायचा.

एका सकाळी प्रयागबाई आणि म्हस्कू कांद्याची रोपं लावत होते. बांधावर बैलगाडी थांबली आणि तिच्यातून फेटा बांधलेला एक भारदस्त माणूस दोन गड्यांना घेऊन उतरला. गड्यांनी मोजणीची साखळी उलगडली. तो माणूस बावड्याचा व्यापारी मोहनराव होता.

"कुणाची जमीन मोजताय?" प्रयागबाईनं चिखलाच्या हातानंच विचारलं.

"आमची. खरेदी झालीया न्हवं."

"कुणी दिली?"

मोहनराव गोंधळला. त्यानं तिच्याकडं नीट पाहिलं. "प्रयागबाई नावाच्या बाईनं. तिचा जावई महिपती संगं व्हता. बारामतीला रजिस्टर कचेरीत अंगठा दिलाय बाईनं, पैकं मोजून घेतल्यात."

"प्रयागबाई मी हाय," ती म्हणाली.

मोहनरावाच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. हा माणूस लुच्चा नाही, हे तिला तिथंच कळलं. त्यालाही फसवलं होतं. पण दिलेले पैसे बुडू द्यायला तोही तयार नव्हता. "मी खत करून घेतलंय बाई," तो म्हणाला, "आता काय आसंल ते कोर्टात." साखळी गुंडाळून तो निघून गेला.

ती त्याच दिवशी बावड्याला गेली. महिपतीनं तिला ओसरीवरूनच परत लावलं. "मामी, तुमीच अंगठा दिलासा आन् आता इसारलासा व्हय?" तो शेजाऱ्यांना ऐकू जाईल असा मोठ्यानं म्हणाला. छबू आतून बाहेर आलीच नाही. जावयानं तिला कोंडून ठेवलं असेल, असं समजून प्रयागबाई वाटभर लेकीसाठी रडत परतली.

बारामतीला आप्पासाहेब नावाचे वकील होते. त्यांनी खताची नक्कल काढून तिला वाचून दाखवली. लिहून देणार प्रयागबाई. ओळख पटवणार जावई महिपती. खाली अंगठा.

"कुणी तरी बाई तुमच्या नावानं उभी केली," आप्पासाहेब म्हणाले. "डोक्यावरून पदर घेतलेल्या बाईला कचेरीत कोण निरखून बघतो? जावयानं ओळख दिली म्हटल्यावर कारकुनानं मान्य केलं. पण बाई, अंगठा खोटं बोलत नाही. तुमचा अंगठा आणि हा अंगठा पुण्याला तज्ज्ञाकडं पाठवू. जमीन तर परत मिळेलच, वर ज्यानं हे केलं तो आणि जिनं अंगठा दिला ती, दोघंही तुरुंगात जातील."

"जाऊ द्या," प्रयागबाई म्हणाली. "त्या रांडंला आधी धाडा. जावयाला मागनं."

दावा उभा राहिला. तारखा पडत गेल्या. प्रत्येक तारखेला म्हस्कू तिच्याबरोबर बारामतीपर्यंत चालत जायचा आणि कोर्टाच्या आवारातल्या लिंबाखाली बसून राहायचा. त्याची साक्ष झाली तेव्हा त्यानं जज्जसाहेबांना सांगितलं, "ज्या दिशी खत झालं म्हंत्यात, त्या दिशी बाई मळ्यातच व्हत्या. आमी दोघं घेवड्याला काठ्या रवत व्हतो. देवाशपथ सांगतो." महिपतीच्या वकिलानं त्याला उलटसुलट विचारून खूप घोळात घेतलं. म्हस्कूनं तेवढंच पुन्हा पुन्हा सांगितलं. जज्जसाहेबांनी ते लिहून घेतलं, आणि त्यांना ते पटल्याचं आप्पासाहेबांना दिसलं.

मग मोहनरावाची पाळी आली. त्यानं पैसे दिल्याचं, खत वाचून दाखवल्याचं सांगितलं. आप्पासाहेब उलटतपासणीला उठले.

"त्या बाईचा चेहरा तुम्ही पाहिलात?"

"परक्या बाईच्या तोंडाकडं कसं बगणार साहेब? पदर व्हता."

"मग ती हीच बाई, हे कशावरून सांगता?"

"तिच्या जावयानं सांगितलं."

"दुसरं काहीच पाहिलं नाही तुम्ही?"

मोहनरावाला खोटं बोलायचं नव्हतं. "हात बगितला साहेब. डावा हात. कारकून अंगठ्याला शाई लावत व्हता, तवा म्हणला बोटं सरळ धर. बाकीची धरली तिनं, पर करंगळी सरळ व्हईना. वाकडीच ऱ्हायली, आत वळल्याली. कारकून वरडला बी तिच्यावर."

आप्पासाहेबांचे डोळे चमकले. दावा जिंकल्याचं त्यांना त्याच क्षणी कळलं. ते जज्जसाहेबांकडं वळले. "माझ्या अशिलाचे हात कोर्टानं पाहावेत, एवढीच विनंती आहे. दोन्ही करंगळ्या सरळ आहेत. प्रयागबाई, पुढं या. हात दाखवा."

प्रयागबाई जागची हलली नाही.

छबू चार-पाच वर्षांची असताना मोटेजवळ खेळत होती. नाडा सुटला, चाक फिरलं आणि पोरीचा हात त्यात सापडला. प्रयागबाईनं धावत जाऊन तो सोडवला होता, वैदूकडून बांधून घेतला होता, आणि गाठ सुटल्यावर डाव्या हाताची करंगळी कायमची आत वळलेली निघाली होती. लग्न जमवताना पाहुण्यांपासून तिनंच ती पदराआड लपवायला शिकवली होती.

तिनं स्वतःचे दोन्ही हात पदराखाली ओढून घेतले.

"बाई, हात दाखवा," जज्जसाहेब म्हणाले.

"मला घेरी आली," ती म्हणाली आणि खाली बसली. तिला खरंच काही दिसत नव्हतं. पुढच्या तारखेला तिचा अंगठा घेऊन पुण्याला पाठवण्याचा हुकूम झाला. बाहेर आप्पासाहेब हसत होते. "बाई, आता भ्यायचं काय? जिंकलो आपण!" म्हस्कूनं तिला पाणी आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी महिपती कामासाठी इंदापूरला गेल्याचं कळल्यावर ती बावड्याला गेली. छबू परसात पोराला न्हाऊ घालत होती. आईला बघून तिनं पोराला उचललं आणि छातीशी धरलं.

"आये."

"हात दाव," प्रयागबाई म्हणाली.

छबूनं दाखवला नाही. दाखवायची गरजही नव्हती. ती मांडी घालून खाली बसली आणि रडायला लागली. "ते म्हणलं, आईचं ते आपलंच. म्हातारपणी मामीला आपुनच संबाळणार. मंग थोडं आदीच केलं तर काय झालं? आये, मला न्हाय म्हणता आलं न्हाय गं."

"त्यानं तुला मारलं?"

छबूनं मान हलवली. मारलं नव्हतं.

"मला ठावं हाय आसं सांगितलं तुला? मी आजारी हाय, मीच धाडलंया, आसलं काय?"

हे विचारताना प्रयागबाईचा आवाज बदलला. लेकीनं नुसतं 'व्हय' म्हणावं, खोटं का होईना, म्हणजे पुढचं सगळं सोसता येईल, असं तिला वाटत होतं. छबू पोराच्या ओल्या केसांवरून हात फिरवत राहिली.

"मला ठावं व्हतं," ती शेवटी म्हणाली. "तुला ठावं न्हाय, ते मला ठावं व्हतं."

पोर आजीकडं हात पसरू लागलं. प्रयागबाईनं त्याला घेतलं नाही.

"मला आता नेत्याल का गं?" छबूनं विचारलं. "ह्याला घिऊनच नेत्यात का हितंच ठेवाया लावत्यात?"

प्रयागबाई उठली आणि चालू लागली.

पुढच्या तारखेला कारकून शाई घेऊन आला, तेव्हा ती साक्षीच्या पिंजऱ्याजवळ गेली आणि म्हणाली, "साहेब, माझा अंगठा घेऊ नगा. खतावरचा अंगठा माझाच हाय. मी माझ्या राजीखुशीनं जमीन इकली. मंग मला पस्तावा झाला म्हणून खोटा दावा केला."

आप्पासाहेब ताडकन उठले. "बाई, काय बोलता हे? कुणी धमकी दिली तुम्हाला?"

"कुणी न्हाय."

"आणि करंगळी?" जज्जसाहेबांनी विचारलं.

"त्या दिशी ठणकत व्हती साहेब."

जज्जसाहेबांनी तिच्याकडं बराच वेळ पाहिलं. शपथेवर खोटं बोलल्याबद्दल तिच्यावर खटला भरता येईल, असं त्यांनी तिला समजावून सांगितलं. तिनं मान डोलावली. मग वय आणि वैधव्य बघून ते करत नाही, असं म्हणत त्यांनी दावा खर्चासह काढून टाकला. म्हस्कूचं नाव घेऊन मात्र ते म्हणाले, "तुमच्या या साक्षीदारानं शपथेवर खोटं सांगितलं. अशा माणसाच्या शब्दावर यापुढं कुणी विश्वास ठेवू नये." हे बोलणं त्यांनी निकालातही लिहिलं.

आप्पासाहेब तिच्याशी एक शब्दही न बोलता निघून गेले. निकालातलं बोलणं कानावर आलेला म्हस्कू लिंबाखालून उठला. सांगवीचा रस्ता दोघांनी मागंपुढं चालून कापला. गाव दिसू लागलं तेव्हा तो थांबला.

"बाई, त्या दिशी आपुन घेवड्याला काठ्या रवत व्हतो का न्हवतो?"

प्रयागबाईच्या ओठांवर खरं आलं होतं. पण म्हस्कूला खोटं बोलता येत नसे. उद्या चावडीवर कुणी तोंडावर थुंकलं तर हा माणूस खरं सांगून टाकील, हे तिला माहीत होतं.

"न्हवतो," ती म्हणाली.

म्हस्कूनं खांद्यावरचं घोंगडं झटकलं, पुन्हा टाकलं. "मंग मीच म्हातारा झालो म्हनायचं," तो म्हणाला. थोड्या दिवसांनी तो गाव सोडून गेला. कुठं गेला ते कुणी नीट सांगितलं नाही. चावडीवर मात्र कुणी थापा मारू लागला की "म्हस्कूची साक्ष हाय व्हय?" असं म्हणायची पद्धत पडली, आणि प्रयागबाईला ते जाता-येता ऐकावं लागे.

मोहनरावानं जमिनीचा ताबा घेतला, कांदा तसाच नांगरून काढला आणि ऊस लावला. राहत्या घराच्या दारातून ऊस दिसायचा, म्हणून प्रयागबाई मागच्या दारानं ये-जा करू लागली. दुसऱ्यांच्या मळ्यात खुरपायला जाऊ लागली. पूर्वी जिच्या तोंडाला लोक भ्यायचे, तिला आता पाण्याच्या भांडणात कुणी मध्ये बोलूही देत नव्हतं.

छबूला दुसऱ्यांदा दिवस गेल्याचं कुणाकडून तरी कळलं. बोलावणं आलं नाही. तरी रीत म्हणून ती चोळीचा खण आणि डिंकाचे लाडू घेऊन बावड्याला गेली. घरात पाहुण्या बायका बसल्या होत्या. छबू अंगानं भरली होती, कानात नवीन बुगड्या होत्या. तिनं आईला वाकून नमस्कार केला.

त्यातली एक बाई सहज म्हणाली, "आगं छबू, तुझ्या आईची सांगवीला मोठी बागायत हाय म्हंत्यात न्हवं?"

"व्हती," छबू म्हणाली. तिनं आईकडं बघितलं. तिच्या नजरेत ना भीती होती, ना लाज. त्या गोष्टीवर आता तिचा स्वतःचाच विश्वास बसला होता. "तिची तिनंच इकली की. कोर्टात जज्जासमूर सांगितलं तिनं. न्हाय का गं आये?"

सगळ्या बायका प्रयागबाईकडं बघू लागल्या.

"व्हय बाई," प्रयागबाई म्हणाली. "मीच इकली." आणि खण पुढं करून तिनं लेकीची ओटी भरली.