रविवारचा काटा

माणसानं वजन किती वेळा करावं, असं कुणी मला विचारलं की मी आधी उलटा विचारतो, कुणी करावं? मी, का आमच्या आक्कानं? दोघांचं उत्तर एक नाही. ते एकच आहे असं समजून आमच्या घरात जे रामायण झालं, ते मी जन्मात विसरणार नाही.

माझं नाव गोरख. आळेफाट्याला माझं गॅरेज आहे, ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे बसवायचं काम. अंगात ताकद भरपूर, डोकं मात्र लवकर तापणारं. त्या तापट डोक्याबरोबर बीपी आलं आणि बीपीनं दोन्ही किडन्या खाल्ल्या. मग नारायणगावला डायलिसिसच्या वाऱ्या सुरू झाल्या. किडनी गेली की प्यालेलं पाणी अंगातच साठतं, पाय सुजतात, दम लागतो. म्हणून डॉक्टरांचा हुकूम होता, चहा धरून दिवसाला लिटरभर पाणी, त्याच्यावर थेंब नाही. आणि रोज सकाळी काट्यावर उभं राहायचं. वजन वाढलं म्हणजे पाणी साठलं, साधा हिशोब.

भर चैत्रात लिटरभर पाण्यावर राहून बघा, राव. जीभ टाळूला चिकटायची. मी बर्फाचा खडा चघळत बसायचो आणि कुणी समोर पाणी प्यायलं की माझी नजर त्याच्या गळ्यावरच जायची. माझ्या बायकोनं, तेजस्विनीनं, ते ओळखलं. तिनं माठ आतल्या खोलीत हलवला आणि घरात नियमच करून टाकला, ज्याला तहान लागेल त्यानं आत जाऊन प्यायचं, ह्यांच्यासमोर नाही. आलेल्या पाव्हण्यालासुद्धा ती आत बोलवून पाणी द्यायची.

किडनी कोण देणार, हा प्रश्न आला. तेजस्विनीला साखरेचा आजार, तिची चालेना. आई-वडील कधीच गेले. उरली आक्का, माझी थोरली बहीण वैजयंती, आंबेगाव तालुक्यात दिलेली. मी तिला विचारलंसुद्धा नव्हतं. तीच दाजींना घेऊन आली आणि दारातनंच म्हणाली, "चल पुण्याला. माझं रक्त तपासायचंय."

सगळं जुळलं. फक्त पुण्याचे डॉक्टर म्हणाले, "ताई, वजन एक्याऐंशी आहे. तुमच्या उंचीला ते बहात्तरच्या आत पाहिजे. त्याशिवाय ऑपरेशन करता येणार नाही. तुमच्याच जिवाला धोका."

"नऊ किलो ना?" आक्का म्हणाली. "लग्नात मी काडी व्हते. परत हुईन."

सासरी राहून वजन उतरायचं नाही, कारण आक्काच्या घरी सतत पंगत. म्हणून दाजींनीच तिला तिच्या पिशव्यांसकट आमच्याकडं आणून सोडलं. स्वतः हातानं भाकरी थापून खाल्ली त्या माणसानं, कधी एका शब्दानं बोलले नाहीत. त्यांचे उपकार मी वेगळे मानतो.

आक्का पहाटे कॅनॉलच्या कडंनं चालायची, भात सोडला, साखर सोडली. इथवर ठीक होतं. पण घरात माझा वजनकाटा होता आणि मी रोज त्यावर उभा राहायचो. आक्काला वाटलं, वजनाचं काम असंच असतं. भाऊ रोज बघतो तर आपणही बघायचं. रोज म्हणजे कसं? उठल्यावर, चालून आल्यावर, आंघोळीनंतर, जेवायच्या आधी, जेवल्यावर. बांगड्या काढून ठेवायची. केसातल्या पिना काढायची. एकदा तर मंगळसूत्र काढून मुठीत धरून उभी राहिली.

"आक्का, हातात धरलं तरी काटा मोजतोच की!"

"तू गप रं."

आकडा उतरला की ती गाणं गुणगुणत भांडी घासायची. आकडा अर्धा किलो चढला की तोंड सुकायचं आणि ताटातली भाकरी परत टोपल्यात जायची. सकाळी हसणारी आक्का दुपारी रडकुंडीला यायची, आणि दोन्हीमध्ये चरबी म्हणाल तर चिमूटभरसुद्धा हललेली नसायची. पण हे तेव्हा कुणाला कळतंय?

एकदा मी डायलिसिस करून आलो आणि काट्यावर उभा राहिलो. आक्का शेजारीच होती. तिनं आकडा वाचला आणि कपाळाला हात लावला.

"सकाळपास्नं अडीच किलो कमी? माझं पंधरा दिवसांत एवढं झालं न्हाई!"

"पाणी हाय ते, आक्का. मशीन पाणी काढतं."

माझ्या तोंडातनं हे वाक्य गेलं आणि आक्काच्या डोक्यात जाऊन बसलं. पाणी गेलं की वजन जातं. त्या दिवसापासनं तिनं पाणी प्यायचं जवळजवळ सोडलं. आणि आमच्या घरात ते कळायला मार्गच नव्हता! पाणी प्यायचं ते आत, कुणाला दिसणार नाही असं. मी समजायचो आत पिते. तेजस्विनी समजायची, ही चालून येताना बाहेर पिते. काटा मात्र भराभर उतरायला लागला आणि आम्ही दोघं येडे टाळ्या वाजवत होतो.

पुण्याला परत तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी वजन बघून मान डोलावली, मग रक्ताचा रिपोर्ट बघितला आणि त्यांचा चेहराच बदलला.

"ताई, तुमच्या किडनीवर ताण दिसतोय. मागच्या वेळी हा आकडा चांगला होता. असाच राहिला तर तुमची किडनी आम्ही घेऊ शकणार नाही. पाणी किती पिता?"

आक्का पदराचं टोक पिळत बसली. शेवटी हळूच म्हणाली, "पाण्यानं वजन वाढतंय, सायेब."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "रोजच्या काट्यात पाणी दिसतं, मीठ दिसतं, पोटातलं जेवण दिसतं. चरबी इतक्या घाईनं दिसत नाही. काही जणांना रोज वजन केलेलं चालतं, ज्यांचं डोकं थंड राहतं त्यांना. तुमचं राहत नाही. तुम्ही आठवड्यातनं एकदा. तोच वार, तीच वेळ, सकाळी उपाशीपोटी. आणि पाणी भरपूर प्यायचं. महिन्यानं परत रक्त तपासू, मग ठरवू."

"आन ह्यो रोज करतो ते?" आक्कानं माझ्याकडं बोट केलं.

"त्यांचं वेगळं. त्यांच्या काट्यावर आम्हाला पाणीच बघायचं असतं."

परतीच्या एसटीत मी खेडपर्यंत नुसते दातओठ खाल्ले. पुढं मात्र मला धरवलं नाही. पार एसटीतली माणसं वळून बघतील एवढ्या आवाजात मी बोललो.

"डोकं फिरलंय का तुझं? पाणी सोडून किडनीची वाट लावतीस? ती काय आता तुझी एकटीची हाय?"

आक्का शांतपणे म्हणाली, "न्हाईच. म्हणून तर मरमर करतीय."

मी खिडकीकडं तोंड फिरवलं. पार नारायणगाव येईपर्यंत ते परत फिरवता आलं नाही मला.

घरी आल्यावर मी दोन कामं केली. काटा गॅरेजच्या लोखंडी कपाटात कुलपात ठेवला. मी रोज तिथंच जाऊन वजन करायचं ठरवलं. आणि आतल्या खोलीतला माठ उचलून बाहेर, माझ्या खाटेशेजारी आणून ठेवला.

"हे काय चाललंय?" तेजस्विनी म्हणाली.

"आजपासनं आक्का माझ्यासमोर पाणी पिणार."

आक्का ऐकेना. "तू तहानलेला बसशील आन मी तुझ्यापुढं ढोसू? माझ्या घशाखाली उतरंल का?"

"उतरंल. न उतरून सांगतीस कुणाला!"

तासातासाला मी तांब्या भरून तिच्या हातात द्यायचो आणि रिकामा होईपर्यंत बघत बसायचो. खरं सांगतो, पहिल्या दिवशी मला तिचा राग आला. तो घटघट आवाज ऐकून माझ्या घशात काटे उभे राहिले, वाटलं हिसकावून घ्यावा. आक्काला ते दिसलं असणार. तिच्या डोळ्यातनं पाणी यायला लागलं, पण तिनं तांब्या खाली ठेवला नाही. दुसऱ्या दिवशी राग कमी झाला. आठवड्याभरात तर मला तिची तहान भागलेली बघून बरं वाटायला लागलं. कसं ते मला सांगता येत नाही, पण वाटायचं एवढं खरं.

काटा कुलपात गेला म्हणून आक्का गप्प बसेल होय? चौथ्या दिवशी मला फोन आला. उगमबाईंचा. बाजारात पन्नालालशेठचं पशुखाद्याचं दुकान आहे, उगमबाई त्यांच्या घरच्या. तीन पिढ्यांपासनं फाट्यावर आहेत, आमच्याइतकंच मराठी बोलतात.

"गोरखभाऊ, तुमची ताई आमच्या सरकी पेंडीच्या काट्यावर चढलीय. खाली उतरत नाही."

मी पळत गेलो. आक्का पेंडीच्या पोत्यांमध्ये उभी, चपला बाजूला काढलेल्या, आणि पन्नालालशेठनं काट्याच्या आकड्यावर आपली टोपी ठेवून तो झाकलेला. मला हसू का राग, काहीच ठरेना.

उगमबाईंनी आक्काला हाताला धरून आत नेलं, ताकाचा पेला दिला. त्या जैन, स्वतः पर्युषणात आठ-आठ दिवस नुसत्या पाण्यावर राहणाऱ्या. म्हणाल्या, "बाई गं, मी उपास करते तेव्हा किती उतरले ते बघत नाही. पाणी मात्र वेळच्या वेळी घेते. तू उपासाचं निम्मं काम करतेस, पाणी विसरतेस, आणि सगळा वेळ आकडा बघतेस. रविवारी ये. मी स्वतः बघीन."

एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. त्यांनी आख्ख्या बाजाराला निरोप दिला. भंगारवाला जानकू, कांद्याचा आडत्या, स्टँडवरचा वजनाचं मशीन घेऊन बसणारा भिका, सगळ्यांना. आक्का कुठंही काट्याकडं वळली की आवाज यायचा, "ताई, आज रविवार न्हाई!" आक्का चिडायची, शिव्या घालायची, आणि पुढं जाऊन पदराआड हसायची. ह्या फाट्यावर मी लोकांशी कमी भांडलेलो नाही. तरी सगळे माझ्यासाठी आपापले काटे झाकून बसले. त्यांचं ऋण मी कुठं फेडू?

मग रविवारच खरा झाला. सकाळी आक्का उपाशीपोटी, त्याच सुती साडीत पेंडीच्या दुकानात जायची. उगमबाई आकडा मोठ्यानं वाचायच्या. कधी अर्धा किलो कमी, कधी पाव. एका रविवारी उलटा चढलेला निघाला. आक्काचा चेहरा पडला, पण उगमबाई म्हणाल्या, "पुढच्या रविवारी बोलू," आणि दुकानाचं शटर वर करायला गेल्या. आक्का घरी आली, भाकरी खाल्ली, तांब्याभर पाणी प्यायली. तेव्हाच मला वाटलं, आता ही जिंकली.

महिन्यानं रक्त तपासलं. किडनी स्वच्छ. वजनाला अजून थोडा वेळ लागला, पण पाऊस उघडून गणपती बसायच्या आत उगमबाईंनी एका सकाळी "एकाहत्तर आठशे!" असं ओरडून सांगितलं. पन्नालालशेठनं टोपी काढून हवेत उडवली.

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर आक्कानं नर्सबाईंना पहिला प्रश्न विचारला, "एका किडनीचं वजन किती भरतं वो?"

"असेल दीडशे ग्रॅम."

"दीडशे ग्रॅम? एवढ्यासाठी मी नऊ किलो उतरवले व्हय!" आणि ती हसली. हसताना टाके दुखले म्हणून कळवळली, आणि तरी हसतच राहिली. हे मला दाजींनी सांगितलं, डोळे पुसत.

काही दिवसांनी तिला माझ्या खोलीत यायची परवानगी मिळाली. तोंडाला मास्क, पोटावर हात, पावलं सावकाश टाकत आली. तिनं टेबलावरचा जग उचलला, ग्लास काठोकाठ भरला आणि माझ्या हातात दिला.

"डॉक्टरांनी सांगितलंय, आता प्यायचं. माझ्यासमोर पी."

मी प्यायलो. एवढं पाणी एका दमात पिऊन कितीतरी महिने झाले होते. आक्का माझ्या गळ्याकडं बघत होती. ग्लास रिकामा झाला तसा तिनं परत भरला. मी ढसाढसा रडलो, राव. लाजबिज काही वाटली नाही.

आता आक्का तिच्या घरी आहे. दर रविवारी वजन करते आणि मग मला फोन करते. माझे डॉक्टर म्हणतात, आता रोज वजन करायची गरज नाही. तरी मी करतो. उठल्याबरोबर काट्यावर उभा राहतो आणि आकडा नीट बघतो. त्यातले दीडशे ग्रॅम माझे नाहीत.

गेल्या रविवारी मी तिला तसं म्हणालोसुद्धा. "आक्का, आज त्रेसष्ट भरलं. त्यातले दीडशे ग्रॅम तुझे."

"हायती माझेच," आक्का म्हणाली. "नीट सांभाळ. पाणी प्यालास का?"

"प्यालो."

"खोटं बोलतोस. आवाज आला न्हाई मला."

मी तांब्या उचलला, फोन गळ्यापाशी धरला आणि तिला ऐकू जाईल असा घटघट प्यायला लागलो.